वरून हरकत न्हाई

इसमाचे वर्णन पुढीलप्रमाणे. नाव मच्छिंद्र पुंजाराम थेटे, वय ६६ वर्षे, धंदा सेवानिवृत्त कालवा निरीक्षक, राहणार कोल्हार. उंची पाच फूट पाच इंच, बांधा सडपातळ, रंग सावळा, मिशी आहे, चष्मा आहे. ओळखीची खूण: उजव्या घोट्यावर कुत्रा चावल्याचा जुना व्रण, शासकीय कर्तव्य बजावीत असताना. सदर इसमाचे ताब्यात एक नग मानवविरहित हवाई वाहन, वजन २४९ ग्रॅम, रंग राखाडी, चार पंखे, चालू स्थितीत. वापराचा उद्देश: मनोरंजन. पूर्वीचा गुन्हा: नाही. पुढे करील असे वाटत नाही.

पोलीस ठाण्याच्या ड्रोन नोंदवहीतली ही पहिली नोंद. शेवटच्या वाक्यासाठी वहीत रकाना नव्हता, ते हवालदारांनी स्वतःच्या जबाबदारीवर लिहिलं. आणि मच्छिंद्र थेट्यांच्या नावापुढे 'मनोरंजन' हा शब्द लिहिणारा हा पहिलाच सरकारी कागद असावा. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर बरेच कागद निघाले, काही तक्रारीचे, एक शाबासकीचा, पण असा आरोप कोणी केला नव्हता.

नोकरी कालव्यावरची. मोजणीदार म्हणून लागले, निरीक्षक होऊन निवृत्त झाले. काम एकच: चारीला, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या पोटकालव्याला, पाणी सुटलं की ज्याचा अर्ज त्याला पाळी, ज्याचा नाही त्याला नाही. पाणी मागायचा अर्ज म्हणजे सात नंबरचा फॉर्म. तो आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला ठरलेलं पाणी सुटण्याच्या, आधी भरायचा असतो हे सगळ्या शेतकऱ्यांना माहीत असतं आणि आधी कोणीच भरत नाही. 'आधी भिजवून घे, फॉर्म मागनं बघू' ही आमच्याकडची रीत. थेटेभाऊसाहेबांच्या सेक्शनमध्ये ही रीत चालत नसे. एकदा त्यांनी एका देवळाच्या फुलबागेलाही फॉर्म भरायला लावला. पुजाऱ्याने चिडून अर्जदार म्हणून देवाचंच नाव लिहिलं. भाऊसाहेबांनी फॉर्म परत केला. अर्जदार निरक्षर असल्यास अंगठा आणि दोन साक्षीदार लागतात, एवढंच म्हणाले.

अशा माणसाला मित्र किती असतील याचा हिशोब सोपा आहे. भाऊ मात्र एक होता, मोठा, सख्खा. सहादेव.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सहादेव थेट्यांनी नवं डाळिंब लावलं होतं. फॉर्म भरला नव्हता. एका पहाटे चारीच्या भरावावरून रबरी पाइप टाकून त्यांनी पाणी ओढून घेतलं. हे काम त्या चारीवर अर्धा गाव करत होता. पण पहाटे साडेपाचला सायकलवरून तिथे पोचलेला माणूस गावातला नव्हता, सेक्शनमधला होता. त्याने पाइप जप्त केला, चारीवरच्या मोरीच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, दगडावर बसून पंचनामा लिहिला आणि नमुन्यात विचारलं होतं म्हणून लिहिलं: 'सदर इसमास मी ओळखतो. तो माझा सख्खा मोठा भाऊ आहे.' पंच म्हणून सही करायला दूधवाला कचरू मिळाला. तो अजून सांगतो की सही करताना त्याचा हात कापत होता, भाऊसाहेबांचा नाही.

सहादेव बांधावर उभे होते. ते एवढंच बोलले, "मच्छ्या, आजपासनं माज्या बांधावर पाय ठिवायचा न्हाई."

रागाच्या भरात भावाला म्हटलेलं वाक्य आमच्याकडे साधारण दिवाळीपर्यंत टिकतं. कोणीतरी मध्ये पडतं, बायका फराळाचं ताट पाठवतात, संपतं. पण मच्छिंद्र थेट्यांनी ते वाक्य आदेशासारखं घेतलं. डायरीत तारीख घालून लिहूनही ठेवलं म्हणतात. त्या दिवसापासून त्यांनी त्या बांधावर पाय ठेवलेला नाही. तो आदेश मागे घेतल्याचं कोणी त्यांना कळवलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. विचारणं हे अपील झालं असतं, आणि अपिलाची तरतूद त्या वाक्यात नव्हती. पाच वर्षांपूर्वी भाऊसाहेबांच्या पत्नी कलाबाई वारल्या तेव्हा सहादेव अंत्यविधीला आले, बाजूला उभे राहिले, गेले. अंत्यविधी प्रवरेच्या काठी होतो. तो कोणाचा बांध नाही.

मुलगी आरती नगरला सावेडीत असते, शिक्षिका आहे. दर रविवारी फोन करते आणि दर रविवारी म्हणते, "दादा, इकडे या ना राहायला. तिथे एकट्याने काय करता?" यावर वडिलांकडे पूर्वी उत्तर नव्हतं. मग ड्रोन आलं.

ड्रोन येण्याला कारण खात्याचा अपमान. नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक ठेकेदार कालव्याची पाहणी करायला यंत्र घेऊन आला. भाऊसाहेब जो टप्पा दिवसभर सायकलने आणि पायी करत, तो त्या यंत्राने अकरा मिनिटांत केला आणि वर तीन चोरटे पाइप दाखवले. त्यातला एक भाऊसाहेबांना माहीत नव्हता. ते त्यांना लागलं. निवृत्त झाल्यावरही लागत राहिलं. कलाबाई गेल्यावर घरात एवढी शांतता झाली की फ्रिज कधी चालू होतो आणि कधी बंद पडतो ते कळायला लागलं. तेव्हा लग्नाचं शूटिंग करणाऱ्या ज्ञानेश्वर फोटोवाल्याकडून त्यांनी त्याचं जुनं, छोटं ड्रोन घेतलं. ज्ञानेश्वरला मोठं घ्यायचं होतं, हल्ली नवरदेवांना उंची लागते.

सोबतची माहितीपुस्तिका त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. बॅटरी तोंडात घालू नये, हेही वाचलं. केंद्र शासनाचे नियम छापून आणले, लाल पेनाने खुणा केल्या. अडीचशे ग्रॅमच्या आतलं, करमणुकीसाठी, हिरव्या क्षेत्रात, नजरेच्या टप्प्यात: परवाना लागत नाही. कोल्हार हिरव्या क्षेत्रात येतं. सावेडी येत नाही, नगरला लष्कर आहे, शहरावरचा नकाशा लालभडक. पुढच्या रविवारी आरतीला उत्तर मिळालं.

"तिकडे आकाश लाल आहे," वडील म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे जमत नाही."

पहिले दोन महिने ते फक्त चारीवर उडवत होते. सवय. अकरा पाइप दिसले. अकराही जणांना ते ओळखत होते, पण आता पंचनाम्याचा अधिकार नव्हता. ते फक्त मोजत आणि खाली उतरवत. मग एका संध्याकाळी ड्रोन चारीच्या पलीकडे गेलं. वाऱ्याने गेलं असं त्यांनी ज्ञानेश्वरला सांगितलं. त्या दिवशी वारा नव्हता.

चारीच्या पलीकडे सहा जणांची शेतं आणि त्यानंतर सहादेवची वस्ती. भाऊसाहेबांच्या गच्चीपासून सरळ रेषेत सहाशे मीटर. मोबाईलच्या पडद्यावर अंगण आलं. अंगणात खाट, खाटेवर एक पांढरी टोपी.

माणूस वरून फार कमी उरतो. एक टोपी, दोन गुडघे, पुढे पडलेली सावली. पण ती टोपी डोक्याच्या मागच्या बाजूला सरकवून घालायची सवय वडिलांची, पुंजारामांची, आणि त्यांच्यानंतर एकाच माणसाला होती.

भाऊसाहेबांनी आदेशाचा विचार केला असणार. आदेश पायाबद्दल होता. ड्रोनला पाय नसतात, उतरायचे चार छोटे खूर असतात आणि ते कुठे टेकवायचे नाहीत एवढं पाळलं की झालं. उंची त्यांनी चाळीस मीटर ठरवली. त्याच्या खाली गेलं तर चेहरा ओळखू येतो, आणि दुसऱ्याच्या खासगीपणाचा भंग करू नये असा नियम आहे. चाळीस मीटरवरून चेहरा येत नाही, फक्त माणूस आहे की नाही ते येतं. त्यांना तेवढं पुरत होतं.

मग रोज. पाच वाजता वर, पाच वीसला खाली, बॅटरी तेवढीच चाले. सहादेव पाचला चहा घेऊन अंगणात बसत, कांद्याच्या दिवसांत कांद्याची पात कापत, एरवी काही न करता. वहिनी बनुबाई एकदा वाळलेल्या कुरडया सुपात गोळा करत होत्या, त्यांनी वर बघून सूप उगारलं. भाऊसाहेबांनी ड्रोन मागे घेतलं. वहिनींचा हात अजून खांद्याच्या वर जातो, ही त्या दिवसाची बातमी. मार्गशीर्षात खाटेला टेकवलेली काठी दिसली. काठी कुठल्या पायासाठी ते कळायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सहादेव उठले, काठी उजव्या हातात घेतली आणि डावा पाय ओढत गोठ्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी मेडिकलमधून गुडघ्याचा पट्टा आणला. "कोणाला हवाय, तुम्हाला का?" दुकानदाराने विचारलं. "असू द्या घरात," ते म्हणाले. तो कपाटात आहे. तो पाठवायचा कसा, यासाठी त्यांना कुठल्याही नमुन्यात तरतूद सापडली नाही.

भाऊ आहे आणि आज अंगणात बसला होता, एवढी बातमी रोज वीस मिनिटं त्यांना मिळायची. दुसऱ्या कुठल्या वाटेने ती येत नव्हती.

पौषात गावोगावी बोलणं सुरू झालं की रात्री आभाळात दिवे फिरतात. कोणी म्हणे चोर ड्रोनने घरं हेरतात, कोणी म्हणे सरकार मोजणी करतंय. काष्टीच्या बाजारात गेलेल्याने तिकडचं ऐकून आणलं, इकडच्याने त्यात भर घातली. पोरं टेम्पोत बसून गस्त घालायला लागली. चोऱ्या पूर्वीइतक्याच होत होत्या, पण आता लोक वर बघत होते. शेवटी आदेश निघाला: पोलीस ठाण्यास सात दिवस आधी लेखी कळवून परवानगी घेतल्याशिवाय ड्रोन उडवू नये, आणि सर्व ड्रोनधारकांनी आपापली यंत्रं नोंदवावीत.

त्या हद्दीत तेव्हा पंधरा-वीस ड्रोन तरी असतील. लग्नाचे फोटोवाले, फवारणीवाले, वाढदिवसाला स्वतःवर फुलं टाकून घेणारे एक पुढारी. नोंदवायला एकच माणूस गेला. सोबत फाइल, फाइलमध्ये खरेदीची पावती, आधार, नियमांची प्रत आणि ड्रोनचे चार बाजूंनी काढलेले फोटो.

हवालदार प्रशांत साळवे टेबलावर होते. चांगला माणूस. त्यांनी फाइल उलटसुलट बघितली.

"भाऊसाहेब, हे कशाला आणलं?"

"नोंदवायला. आदेश आहे."

"आदेश हाय, पन वही न्हाई अजून."

"मी थांबतो."

साळव्यांनी स्टेशनरीच्या दुकानातून वही मागवली. रकाने भाऊसाहेबांनीच पट्टी घेऊन आखून दिले, अनुक्रमांकापासून शेऱ्यापर्यंत. उद्देशाच्या रकान्यापाशी साळवे अडले.

"काय लिहू? आदेशात चारच हायेत. धंदा, शेती, संशोधन, मनोरंजन."

भाऊसाहेबांनी चारही उद्देश एकेक करून तपासले. धंदा नव्हता. शेती त्यांनी कचरूला वाट्याने दिलेली. संशोधन म्हणायला त्यांना लाज वाटली.

"उरलं ते लिहा," ते म्हणाले.

अनुक्रमांक दोनवर आजतागायत कोणी आलेलं नाही. त्यामुळे जे व्हायचं ते झालं. कोणाला आभाळात काही दिसलं, शुक्राची चांदणी असो की मोबाईल टॉवरचा दिवा, ठाण्यात फोन जाई. ठाण्यातून वही उघडली जाई. वहीत एकच माणूस.

"भाऊसाहेब, तुमचं घरीच हाय ना?"

"कपाटात आहे. कुलपात."

"न्हाई, बाभळेश्वरकडनं फोन आला, लाल दिवा दिसतोय म्हनून."

"माझ्या ड्रोनचा दिवा हिरवा आहे. नोंदीत आहे बघा, रकाना सहा."

"व्हय व्हय. विचारायचं म्हनून विचारलं."

पहिल्या महिन्यात असे चौदा फोन आले. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. खरं सांगायचं तर आरतीचा रविवारचा सोडला तर त्यांना येणारे फोन तेवढेच. पुढे पुढे साळवेही चौकशी झाल्यावर लगेच फोन ठेवत नसत, जेवण झालं का वगैरे विचारत.

नोंदणी झाली, तरी उडवायला परवानगी हवी. भाऊसाहेबांनी अर्ज केला. त्यांना एकाच प्रकारचा अर्ज चांगला येत होता, म्हणून त्यांनी आभाळही तसंच मागितलं. गट नंबर, चतुःसीमा, मागणीचा कालावधी रोज वीस मिनिटं, पाळी सायंकाळी पाचची, सोबत हाताने काढलेला नकाशा, त्यात उत्तर दिशेचा बाण. साळव्यांनी अर्ज वरिष्ठांकडे पाठवला. वरिष्ठांनी 'नियमानुसार उचित कार्यवाही व्हावी' असा शेरा मारून परत पाठवला. उचित काय ते दोघांनाही माहीत नव्हतं.

परवानगी नाही तोवर ड्रोन कपाटातून बाहेर निघालं नाही. लग्नसराई सुरू झाली होती. रोज कुठलं ना कुठलं मोठं ड्रोन वाजंत्रीच्या वर घोंघावत भाऊसाहेबांच्या गच्चीवरून जाई. पाच वाजता ते सवयीने गच्चीवर येत, रिकाम्या हाताने उभे राहत, पाच वीसला खाली जात. ज्ञानेश्वर एकदा जिन्यात भेटला.

"काका, उडवा की. आम्ही उडवतोच ना. कोन बघतंय?"

"कोण बघतंय म्हणून नियम नसतो."

"मग कशासाठी असतो?"

याचं उत्तर त्यांना छत्तीस वर्षं येत होतं. त्या दिवशी ते चटकन आठवलं नाही.

चहाच्या टपरीवर कचरूने संधी साधली. "भाऊसाहेब, आमाला पान्याला फॉर्म भरायला लावत हुता. आता भरा आभाळाचा. आला का नंबर?"

"येईल."

"आवर्तन सुटलं आसंल वरनं, खालच्या टोकाला पोचायला टाइम लागतोय." टपरी हसली. भाऊसाहेबही हसले. खालच्या टोकाला पाणी पोचत नाही हे खरंच होतं, आणि हा विनोद त्यांच्या खात्यातलाच जुना होता.

सत्तर दिवस झाले. सत्तर हा आकडा त्यांच्याच डायरीतला. पुढे 'अं. नि. ना.' असं लिहिलं आहे. त्याचा अर्थ 'अंगण निरीक्षण नाही' असा असावा.

चैत्रात साळव्यांनी बोलावलं. बिचाऱ्यांना हा विषय मिटवायचा होता.

"असं करू भाऊसाहेब. ज्यांच्या शेतावरनं जानार, त्यांची ना-हरकत आना. म्हंजी वरून कोनी काही म्हननार न्हाई. सात गट हायेत तुमच्या नकाशात, सात सह्या."

नियमात असं काही नाही, हे भाऊसाहेबांना माहीत होतं. पण मागितलेला कागद आणून द्यायचा असतो, हेही त्यांनीच चारीवरच्या लोकांना शिकवलेलं. नको वाटणाऱ्या माणसाला एक कागद जास्त मागायचा, ही युक्तीही त्यांच्या ओळखीची होती. ते उठले आणि घरी येऊन त्यांनी सात ना-हरकत दाखले लिहिले.

सहा सह्या चार दिवसांत झाल्या. दोघांनी सही करण्याआधी त्यांना जुन्या दंडांची आठवण करून दिली. एका म्हातारीने विचारलं, "वरनं काय दिसतंय रं? माजी म्हस दिसती का?" दिसते, असं सांगितल्यावर तिने म्हशीच्या वतीनेही अंगठा देऊ केला. कचरूने सही केली आणि म्हणाला, "ह्या टायमाला माजा हात कापत न्हाई बगा."

सातवा गट सहादेवचा.

बांधावर पाय ठेवता येत नव्हता. फोन नंबर होता, पण एकोणीस वर्षांनंतर फोन केल्यावर पहिलं वाक्य काय म्हणायचं असतं ते माहीत नव्हतं. भाऊसाहेबांनी दाखला पाकिटात घातला, वर पत्ता लिहिला, 'श्री. सहादेव पुंजाराम थेटे यांस', आणि कोल्हारच्या पोस्टात जाऊन रजिस्टर केलं, पोचपावतीसह. सहाशे मीटरवरच्या घरासाठी पत्र कोल्हारहून निघालं, श्रीरामपूरला गेलं, तिथे एक रविवार काढला, परत कोल्हारला आलं आणि सातव्या दिवशी चारी ओलांडून पोचलं. पोचपावतीवर सही होती. तेवढीच. दाखला आला नाही.

वैशाख गेला. पोचपावती त्यांनी फाइलला लावली. सही थरथरती होती, ती ते अधूनमधून काढून बघत.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला एका दुपारी दारात टेम्पो थांबला. सहादेवचा मुलगा कल्याण उतरला. चाळिशीचा गडी, अंगभर धूळ. चुलत्याच्या दारात तो एकोणीस वर्षांनंतर पहिल्यांदाच येत होता, त्यामुळे चपला कुठे काढायच्या इथपासून त्याला प्रश्न होता.

"तात्या, हे अण्णांनी दिलंय." त्याने घडी घातलेला कागद पुढे केला.

"बस. पाणी घे."

"बसत न्हाई, टेम्पो भाड्याचा हाय. पत्रे उतरवायचेत."

भाऊसाहेबांनी कागद उघडला. सही होती. सहीच्या वर, ठरावीक मजकुराच्या खाली मोकळ्या जागेत, सहादेवनी स्वतःच्या हाताने तीन शब्द घातले होते: 'वरून हरकत न्हाई.'

"काही म्हणाले?" भाऊसाहेबांनी विचारलं.

कल्याणने मान खाजवली. "म्हनाले... म्हंजी विचार म्हनाले. कागदावर उद्देश मनोरंजन लिवलाय. तर माजं तोंड बगून ह्याचं मनोरंजन व्हतंय का, विचार."

"तोंड दिसत नाही. टोपी दिसते."

"तसं सांगू?"

भाऊसाहेबांनी कागदाची घडी घातली. फ्रिज चालू झाला, बंद पडला. "सांग," ते म्हणाले. मग एवढ्यात तो जाईल असं वाटून म्हणाले, "गुडघा कसाय?"

"कोनाचा?"

"डावा."

कल्याण बघतच राहिला. "हाय तसाच. उनाचा त्रास व्हतो अंगनात बसल्यावर, आता पाऊस येईल. तुमाला कोनी सांगितलं?"

ते त्यांना वरूनच कळलं होतं. भाऊसाहेब कपाटाकडे वळले, पट्टा काढून त्याच्या हातात दिला. पुडक्यावर मेडिकलची पावती अजून टाचलेली होती. कल्याणने ती तारीख वाचली आणि पुडकं काखेत धरलं.

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. भाऊसाहेब दारापर्यंत आले, पत्र्यांकडे बघून त्यांच्यातला कालवा निरीक्षक जागा झाला. "कांदाचाळीला का?" उत्तराची वाट न बघता म्हणाले, "उतार पूर्वेला दे. पश्चिमेला दिलास तर सगळं पाणी दारात येईल. तुमची जमीन तिकडे खाली आहे, मी मोजलेली आहे."

"व्हय तात्या," कल्याण म्हणाला आणि टेम्पोत चढला.

साळव्यांनी सातवी सही बघितली, वरचे तीन शब्द वाचले आणि पहिल्यांदाच ते उठून स्वतः साहेबांच्या खोलीत गेले. भाऊसाहेब बाकावर बसून राहिले. ना-हरकत चाळीस मीटरवरच्या हवेबद्दल होती. खालच्या जमिनीबद्दल त्यात काहीच नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वीचा आदेश कायम होता, असाच त्याचा अर्थ त्यांनी लावला. दुसऱ्या कोणी वेगळा लावला असता.

आषाढात परवानगी आली. पत्र दोन पानी, गोल शिक्क्याचं: 'उपरोक्त विषयास अनुसरून, अर्जदार श्री. मच्छिंद्र पुंजाराम थेटे यांना नोंदवहीतील अनुक्रमांक एक अन्वये नोंदणीकृत मानवविरहित हवाई वाहन, सोबत जोडलेल्या नकाशातील सात गटांवरून, दररोज सायंकाळी ५.०० ते ५.२० या कालावधीत, चाळीस मीटरपेक्षा कमी नाही इतक्या उंचीवरून, निव्वळ मनोरंजनाच्या उद्देशाने उडविण्यास, कोणाचेही खासगीपणास बाधा येणार नाही या अटीस अधीन राहून, पुढील आदेश होईपर्यंत परवानगी देण्यात येत आहे.' प्रत माहितीसाठी तिघांना.

पुढे चार दिवस पावसाची भुरभुर होती. पावसात उडवू नये असं पुस्तिकेत आहे. पाचव्या दिवशी उघडलं. भाऊसाहेबांनी बॅटरी भरली, ठाण्यात फोन करून साळव्यांना वेळ कळवली, आदेशाची प्रत खिशात ठेवली आणि पाच वाजता ड्रोन वर सोडलं. चारी ओलांडली. म्हातारीची म्हैस गेली. कचरूचं घासाचं शेत गेलं. चाळीस मीटर, सहाशे मीटर. ड्रोन थांबलं.

अंगण, खाट, टोपी यांच्या जागी पडद्यावर सोळा फुटी पत्रा होता. निळा, नवा. उतार पूर्वेला दिला होता.